फक्कीच्या रेघेवरचा पिंजरा

प्रिय ताई,

"एका घरात राहायचं तर एकसारखं राहायचं." हे तू म्हणालीस तेव्हा मी सात वर्षांची होते आणि जेवणाच्या टेबलाखाली बसले होते. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. घर माणसांनी भरलेलं होतं. आत्या मला तिच्याकडे न्यायचं म्हणत होती, कारण मी कुणाच्या हातून जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते, नुसती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत बसायचे. तू जेमतेम पंधरा वर्षांची. वाकून माझा दंड धरलास, मला बाहेर ओढलंस, आपल्या ताटातला घास माझ्या तोंडात कोंबलास आणि हे वाक्य बोललीस. मग आत्याकडे वळून म्हणालीस, "ही कुठेही जायची नाही. माशी तर माशी, पण आमची माशी आहे." तेव्हापासून या घरात मी माशी. शाळेत नाव वेगळं होतं, नोकरीच्या ठिकाणी ते वेगळ्या तोऱ्यात घेतात, पण मागून कुणी "माशे" म्हणून हाक मारली तर आजही मीच वळून बघेन. गेल्या हंगामापासून ती हाक आलेली नाही.

तू ते वाक्य नुसतं बोलली नाहीस, पाळलंसही. एकाच ताग्यातलं कापड आणून दोघींचे फ्रॉक शिवायचीस, तुझा मोठा आणि माझा लहान. माझ्या केसांत उवा झाल्या आणि माझे केस कानापर्यंत कापावे लागले, तेव्हा कात्री हातातून खाली ठेवण्याआधी तू स्वतःचीही वेणी कापलीस, शाळेत माझ्या एकटीकडे बघून कुणी हसू नये म्हणून. बाबा संध्याकाळी घरी आले आणि दारातच थबकले. "दोन्ही मुलगे कुणाचे?" म्हणाले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलले होते. यातलं मी काहीही विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून विसरले असं वाटलं तर समजून घे, किंवा नको घेऊस. पण तुझं ते वाक्य चूक आहे, ताई. प्रेमाने बोललेलं वाक्यही चूक असू शकतं.

आज सकाळी तुझा गवंडी येऊन गेला. मी मागच्या अंगणात तोंड धूत उभी होते. त्याने एक खुंटी स्वयंपाकघराच्या मधल्या दाराशी ठोकली, दुसरी पार कुंपणाशी, मधे दोरी ताणली आणि डब्यातून फक्की सोडत चालत गेला. पांढरी सरळ रेघ. दारातून निघून अंगणातून, पाण्याच्या टाकीला वळसा न घालता तिच्या अगदी कडेने, आणि पुढे तुझ्या कलमांची शेवटची ओळ आणि माझं पहिलं रानझाड यांच्या मधून. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मोठ्या बाईंनी सांगितलंय. भिंत. दोन पुरुष उंच." मग माझ्याकडे न बघता, डबा झटकत, "मधलं दारही विटांनी बुजवायचंय. सोमवारी पाया खणू." मी त्याला चहा दिला. तो प्यायला आणि मग म्हणाला की पुढच्या घरीही आत्ताच झाला होता. दोन घरं झाल्याचा पहिला फायदा त्यालाच झाला म्हणायचा.

बाबांनी वाटणी तोंडी केली होती, आठवतं? पुढच्या खोल्या आणि कलमांची बाग तुझी, मागच्या खोल्या आणि रानझाडं माझी. भिंतीचं नाव कुणी काढलं नव्हतं. आता तू काढलंस. तुझी जागा आहे, तुझा हक्क आहे. एका छपराखाली राहून पत्र लिहिते आहे याचं हसू येईल तुला, पण तुझ्या दारात उभी राहिले तर तू काहीतरी निवडत बसशील आणि मान वर करणार नाहीस, आणि मी अर्ध्यातून परत फिरेन. म्हणून हे भाऊजींच्या हाती देते आहे. ते वाटेत उघडून वाचतील, वाचू देत. (भाऊजी, वाचून झालं की पाकीट नीट चिकटवा.)

लोक मला विचारतात, सख्ख्या बहिणी, एवढं सख्य, मग माशी शिंकली कुठे? आणि विचारून झाल्यावर स्वतःच्याच विनोदावर हसतात. मी आठवून बघते आणि मला भांडण सापडत नाही. सापडतात त्या जेवणाच्या वेळा. बाग तुझ्या अंगावर पडली तशी तू पहाटे उठायला लागलीस आणि दिवेलागणीला जेवून मोकळी व्हायला लागलीस. मी संशोधन केंद्रातून उशिरा यायचे. आधी तू माझं ताट झाकून ठेवायचीस. मग मीच म्हणाले, ठेवू नकोस, उगाच गार होतं, मी माझं बघीन. मग मागच्या खोलीत शेगडी आली. बस, एवढंच झालं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. तुझ्याकडची माणसं सकाळी यायची, माझ्याकडची संध्याकाळनंतर. तुझ्या घरातल्या बातम्या मला कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळायला लागल्या. एका रविवारी मी मधल्या दारात उभी होते. तू भाऊजींना काहीतरी म्हणालीस, ते पोट धरून हसले, तूही हसलीस. शब्द मला नीट ऐकू आले होते. पण त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलंच नाही. ताई, त्या दिवशी मी घाबरले. आपल्या दोघींचे विनोदही एकाच ताग्यातले होते एके काळी.

माझं काम काय आहे ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस, असं मी मनाशी म्हणायचे. आता वाटतं, तू विचारायचीस त्या वेळी मी झोपलेली असायचे. बाहेर तू सांगतेस, धाकटी पगार घेऊन माशा मारते. मारत नाही ग. रिकामी माणसं मारतात. मी पाळते. तर आज सांगते, तुझ्या शेवटच्या ओळीतल्या कलमापासून सुरुवात करून.

पणजोबांनी ही जागा घेतली तेव्हा इथे फक्त रानझाडं होती, गोटीएवढ्या आंबट फळांची. ठिपकेदार पंखांची ही आपली माशी तेव्हा त्याच फळांत अंडी घालायची. अळी फळात वाढते, फळ गळून पडतं, अळी मातीत शिरून कोश करते आणि झोपी जाते ती पुढच्या वर्षी फळं तयार व्हायच्या वेळी उठते. मग पणजोबांनी बाहेरून कलमं आणली. मोठी, गोड फळं, आणि रानफळांच्या कितीतरी आधी पिकणारी. एखादी माशी, असेल कुणी माझ्यासारखी आगाऊ, त्या नव्या फळावर जाऊन बसली आणि तिथेच अंडी घालून मोकळी झाली. तिची पोरं कलमी फळाच्या वासात वाढली. आता या माशांचं एक आहे. ज्या फळात वाढल्या त्याच्याच वासाला त्या परत जातात, आणि त्यांची लग्नंही त्या फळावरच जमतात, दुसरीकडे कुठे नाही. त्यातून कलमं लवकर पिकणार, म्हणून लवकर उठणाऱ्यांचंच तिथे निभणार. उशिरा उठणाऱ्यांचं रानझाडावर. लवकर उठणारीला लवकर उठणाराच भेटतो. त्यांची पोरं आणखी थोडी लवकर उठतात. असं वर्षामागून वर्ष, पणजोबांपासून तुझ्या-माझ्यापर्यंत.

आम्हाला शिकवलं होतं ते वेगळं होतं. एका प्रजातीच्या दोन व्हायच्या तर मधे काहीतरी आडवं यावं लागतं. डोंगर उभा राहतो, नदी पात्र बदलते, जमिनीचा तुकडा तुटून बेट होतं. अलीकडचे आणि पलीकडचे आपापल्या वाटेने इतके बदलत जातात की पुढे कधी भेटले तरी एकमेकांना आपलं म्हणत नाहीत. ते खोटं नाही. बहुतेक वेळा तसंच होतं. पण दर वेळी तसंच व्हायला पाहिजे असं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्या बागेत डोंगर नाही, नदी नाही. तुझ्या शेवटच्या कलमाची फांदी माझ्या पहिल्या रानझाडात इतकी घुसली आहे की वारा सुटला की दोघांची पानं एकत्रच वाजतात. तरी होतंय. दोन प्रजाती झाल्यात असं मी म्हणत नाही. होताहेत. आपण त्या मधल्या काळात जन्माला आलोय. शंभरातल्या चार-पाच माशा अजूनही इकडच्या तिकडे जातात. त्यांना जी मिश्र पिल्लं होतात ती बिचारी दोन्ही वासांना बिचकतात. एका फळाकडे निघतात, अर्ध्यात दुसऱ्याचा वास येतो, आणि मी त्यांना ठेवते त्या पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून बसून राहतात.

मी तीस वर्षांची होईपर्यंत तशीच होते. तू निवडलेले कपडे घालून तू सुचवलेल्या मुलांना भेटायला जायचे, चांगले असायचे ते सगळे, आणि घरी येऊन जाळीला चिकटून बसायचे. शेवटी नको म्हणाले. तू विचारलंस, का? मला उत्तर देता आलं नाही, कारण तुझ्याकडे ज्याला उत्तर म्हणतात तसं काही माझ्याकडे नव्हतं. मला एकटीने राहायचं होतं आणि पंखांवरचे ठिपके बघायचे होते. तू आत्याला फोनवर म्हणालीस, "ही आता आपल्यातली राहिली नाही." मी मधल्या दाराच्या अलीकडे होते. तेव्हा फार लागलं होतं. आज म्हणते, बरोबर होतं तुझं. नाही राहिले. तुझ्यातून निघाले, तुझ्या हातचा घास खाऊन मोठी झाले, आणि दुसरी कुणीतरी झाले. बिघडले नाही, ताई. वेगळी झाले. रानफळावरची माशी ही कलमावरच्या माशीची वाया गेलेली बहीण नसते, आणि कलमावरची माशी ही रानातल्या माशीची सुधारलेली आवृत्ती नसते. दोघी आपापल्या जागी पुऱ्या असतात.

आता त्या पिंजऱ्यांचं. दोन वर्षांपूर्वी मला चार दिवस परगावी सभेला जायचं होतं. तेव्हा अजून तू माझ्या खोलीची किल्ली ठेवायचीस. मी तुला दोन पिंजरे दाखवले, दोन्हींत पाणी आणि साखर कशी ठेवायची ते सांगितलं. एकात रानफळांतून निघालेल्या माशा होत्या, त्यांच्या पाठीवर मी बारीक कुंचल्याने लाल ठिपका दिला होता. दुसऱ्यात कलमी फळांतून निघालेल्या, त्यांना निळा. ठिपका देताना त्या हलू नयेत म्हणून मी त्यांना डबीत घालून तुझ्या फ्रिजमध्ये गार करत असे. "दुधाशेजारी माशा ठेवणारी अख्ख्या जगात माझीच बहीण असेल," असं तू भाऊजींना सांगत होतीस, पण डबीसाठी वरचा कप्पा तूच रिकामा करून दिला होतास. मी परत आले तर एक पिंजरा घासूनपुसून उन्हात वाळत घातलेला, आणि सगळ्या माशा दुसऱ्यात. तू हातात झाडू घेऊन उभी. "अगं, दोन कशाला? एकात मावतात की. माशी ती माशी." मी किती ओरडले ते तुलाही आठवत असेल. कामाचं अख्खं वर्ष गेलं म्हणून ओरडले. तुझ्यावर मी आयुष्यात तेवढी एकदाच ओरडले.

आणि मग ओरडता ओरडता मी पिंजऱ्यात बघितलं. तू आपली व्यवस्थित, दोन्ही पिंजऱ्यांतल्या बशांमधली फळं त्या एका पिंजऱ्यात नीट मांडून ठेवली होतीस, आंबट एका कोपऱ्यात, गोड दुसऱ्या कोपऱ्यात. आंबट फळांवर लाल ठिपके बसले होते. गोड फळांवर निळे. मधे जाळी नाही, काच नाही, काही नाही. हातभर अंतर आणि मोकळी हवा. मी तुझा हात धरून तुला खाली बसवलं. तू बराच वेळ बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "म्हणजे यांना कळतं?" मग फळांचं एक रिकामं खोकं उपडं घातलंस, त्यावर बसलीस, आणि दुपार उलटेपर्यंत आपण दोघी लाल-निळे मोजत होतो. तू मोजताना बोट जाळीला लावायचीस आणि एखादी लाल माशी गोड फळाकडे निघाली की म्हणायचीस, "ए बावळट, इकडे कुठे, घर तिकडे आहे तुझं." त्या दुपारी मला सगळे विनोद कळत होते.

त्यानंतर, गेल्या हंगामात, खोक्यांचा दिवस आला. रसाच्या कारखान्याने तुझी फळं परत पाठवली, अळ्या निघाल्या म्हणून. टेम्पो फाटकाशी उभा, शेजारी गच्चीत, आणि त्यांचा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, बहीण अळ्या पाळते म्हणे तुमची." तू खोकी एकटीने उतरवलीस. मी मदतीला आले तर म्हणालीस, "तू हात लावू नकोस." त्यानंतर किल्ली मधल्या दाराच्या कडीला टांगलेली सापडली मला. फ्रिजमधली डबी पण, धुऊन पुसून.

मला तुझा राग कळतो. बाग तुझं पोट आहे आणि माझं पोट त्या बागेच्या वैऱ्यावर चालतं. पण म्हणून खरं काय ते मी बदलणार नाही. माझ्या पिंजऱ्यातून एकही माशी तुझ्या फळात गेलेली नाही. रानझाडावरच्याही नाहीत. तू भिंत कशासाठी घालते आहेस? माझ्या झाडांवरची माशी तुझ्या झाडांवर येऊ नये म्हणून. अगं, तेच तर मी इतकी वर्षं सांगायला बघते आहे. ती येतच नाही. तिला तुझ्या गोड फळांचं काही पडलेलं नाही. शंभरातल्या चार-पाच येतात, त्यांनी कारखान्याची खोकी भरत नाहीत. तुझी माशी तुझ्याच कलमांखाली झोपलेली आहे. गळलेली फळं तू झाडाखाली तशीच कुजू देतेस, खत होतं म्हणून. त्यांतूनच अळ्या मातीत उतरतात. ती फळं रोजच्या रोज उचल, पुरून न टाकता बंद पिशवीत उन्हात तापव, आणि दोन हंगाम बघ. औषध फवारायला नको, भिंत नको. हे मी तुला खोक्यांच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं, दाराच्या पलीकडून. तू नळ मोठा केलास.

माफी मागायला सांगशील तर मागणार नाही. आत्या परवा म्हणाली, "मोठी आहे ती, वाकलीस तर काय बिघडतं?" ज्या गोष्टीत वाकायचं त्यात मी वाकले आहे, पण मी अशी का आहे याबद्दल मला वाकायचं नाही. रानझाडंही मी तोडणार नाही. पिंजरे हलवणार नाही. आणि तुझ्या वेळेला उठून, तुझ्या वेळेला जेवून, तुझ्या विनोदांना न कळता हसून, आपल्यात काहीच झालं नाही असं दाखवणार नाही. ते मी करून बघितलं आहे. त्याला एकत्र राहणं म्हणत नाहीत. भिंत घालू नकोस असंही मी म्हणणार नाही. घाल. दोन पुरुष काय, चार पुरुष उंच घाल. आपण वेगळ्या झालो त्याला भिंत लागली नाही, आणि भिंत घातल्याने त्यात भरही पडणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव की भिंत ही वेगळं झाल्याची खूण नसते. ज्याला अजून भीती असते की समोरचं माणूस कधीतरी आत येईल, तो भिंत घालतो.

आता माझ्याकडची बातमी. त्या लाल-निळ्याचा लेख मी लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला होता. त्यात प्रामाणिकपणे लिहिलं की दोन्ही गट घरातल्या एका व्यक्तीकडून चुकून एकत्र झाले. परीक्षकांचं उत्तर आलं. एकाने लिहिलंय, कुठेतरी अडथळा असणारच, लेखिकेच्या नजरेतून सुटला असेल. दुसऱ्याने विचारलंय, ही घरातली व्यक्ती कोण आणि तिला शास्त्राचं काय शिक्षण आहे? आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तो घरगुती भाग गाळून टाका. आणि ठामपणे बोलू नका, कदाचित असं लिहा." मी म्हणाले, गाळणार नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिलं त्याला कदाचित म्हणणार नाही. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घरीही अशाच का?" मी म्हणाले, घरी तर जास्तच.

शेवटी असं ठरलं की प्रयोग पुन्हा करायचा, ठरवून, आपल्याच बागेत, जिथे दोन्ही झाडं शेजारी आहेत आणि मधे काही नाही. केंद्रातून एक जण बघायला येणार आहे. या वेळी ठिपके मी दिलेले नाहीत. प्रमुख बाईंनी स्वतः दिलेत, पिवळे आणि पांढरे, आणि कुठला कुणाचा ते मलाही सांगितलेलं नाही. माशांचे दोन्ही डबे ज्याच्या हातून उघडले जातील त्यालाही ते माहीत नसलं पाहिजे, म्हणजे कुणी म्हणायला नको की हात झुकला. वर्षात थोडेच दिवस असे येतात की दोघी जिवंत असतात. तुझ्याकडची फळं संपत आलेली, माझ्याकडची नुकती भरायला लागलेली, लवकर उठणाऱ्या म्हाताऱ्या झालेल्या आणि उशिरा उठणाऱ्या नुकत्या बाहेर आलेल्या. ते दिवस आत्ता आहेत. सोमवारी पाया खणला की संपलं. माशी भिंतीवरून सहज उडून जाईल ग, पण परीक्षक नाही जाणार. ते म्हणतील, बघा, भिंत होती.

म्हणून रविवारी सकाळी करते आहे. जाळीचा मोठा तंबू आणलाय, आत उभं राहता येईल एवढा, आणि तो मी बरोबर गवंड्याच्या रेघेवर उभा करणार आहे, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तुझ्या बाजूला तुझ्या कलमाची फांदी आत येईल, माझ्या बाजूला रानझाडाची. तुझ्या फांदीला हात लावल्याबद्दल जे बोलायचं ते बोल. दोन्ही बाजूंना दार आहे.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. डबे कोणीही उघडू शकतं. केंद्रातला शिपाई उघडेल, भाऊजी उघडतील, गवंड्याला रविवारी बोलावलं तर तोही उघडेल. प्रयोगाला कोणीही चालेल. मला तू हवी आहेस. मला त्या कागदावर, परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, घरातली व्यक्ती असं नाही, तुझं नाव लिहायचं आहे, माझ्या नावाच्या आधी, कारण जे मी वीस वर्षं शोधत होते ते पहिल्यांदा तुझ्या हातून झालं, आणि यांना कळतं हे पहिल्यांदा तू म्हणालीस. मी तुझ्यासारखी होणार नाही आणि तू माझ्यासारखी व्हावीस असं मला वाटत नाही. पण शंभरातल्या चार-पाच अजून जातात, ताई. तू नाही म्हणशील. हे पत्र निम्म्यात घडी घालून पिठाच्या डब्याखाली सरकवशील आणि भाऊजींना म्हणशील, तिला सांगा मला वेळ नाही. ते मला माहीत आहे, आणि तरी तंबूत तुझ्या बाजूला मी एक खोकं उपडं घालून ठेवणार आहे. रेघ ओलांडावी लागणार नाही. उन्हं अंगणात उतरली की, तुझ्याच वेळेला, मी उठेन त्या दिवशी, ये आणि झाकणं उघड.

तुझीच,
माशी